पानं झाडणार कोण?

जून लागला की झाडं लावायचा हंगाम सुरू होतो. शाळा, बँका, नगरसेवक, हाऊसिंग सोसायट्या, सगळे एक रोप, सहा माणसं आणि एक फोटो या प्रमाणात कामाला लागतात. झाड लावणं चांगलं, यावर कोणाचंच दुमत नसतं. भांडण सुरू होतं ते 'कुठलं?' असं विचारल्यावर. आणि मला वाटतं, खरा नैतिक प्रश्न या 'कुठलं'मध्येच आहे. 'झाडं लावा' म्हणताना कोणाच्या खिशातलं काही जात नाही. 'इथे, हे झाड' असं म्हटलं की कोणाच्या तरी स्वयंपाकघरातला उजेड जातो, कोणाच्या तरी गाडीवर जांभळं पडतात आणि कोणाला तरी रोज सकाळी अर्धा तास जास्त झाडावं लागतं.

महापालिकेच्या २०१८ च्या वृक्षगणनेत मुंबईत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडं मोजली गेली. त्यांतली निम्म्याहून थोडी जास्त खासगी आवारांत आहेत. म्हणजे या शहराचं जंगल कसं असावं हे ठरवणाऱ्यांत सोसायटीच्या मीटिंगला आलेली आठ-दहा माणसं फार मोठ्या संख्येने आहेत. चहा येईपर्यंत जो विषय उरकायचा असतो, त्यात पुढच्या साठ वर्षांचा निर्णय होऊन जातो.

आमची सोसायटी मुलुंड पूर्वेला, १९८४ सालची. तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही. उपनगरात 'परसदार' हा शब्द आता कोणी वापरत नाही. 'बिल्डिंगच्या मागे' म्हणतात. आमच्या बिल्डिंगच्या मागे वीस बाय तीसची जागा आहे. तिथला जुना गुलमोहर मान्सूनच्या आधीच्या वादळात आडवा झाला. कोणाला लागलं नाही, एका स्कूटरचा चेंदा झाला. ओंडके नेले, खड्डा बुजवला आणि सेक्रेटरींनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं, 'आता तिथे काय लावायचं?'

दोन दिवसांत जी उत्तरं आली, त्यांत झाडांची नावं कमी होती, अटी जास्त होत्या. पानगळ नको. पक्ष्यांनी घाण करू नये. मुळांनी ड्रेनेजची लाइन फोडू नये. सुरवंट नकोत, म्हणजे शेवगा बाद. वास उग्र नको, म्हणजे सप्तपर्णी बाद. ऑक्टोबरात तिचा घमघमाट सुटला की आमच्याकडे दोघांचं डोकं दुखतं. उंबर-पिंपळ नकोत, कारण उद्या तोडायची वेळ आली तर हात कोण लावणार? चिंच नको, का ते कोणी लिहिलं नाही, पण सगळ्यांना कळलं. नारळ नको, डोक्यात पडतो. आंबा चालेल, पण मग आंबे कोणाचे?

या सगळ्या अटी पूर्ण करणारं एक झाड आहे आणि ते मुंबईच्या निम्म्या सोसायट्यांत लावलेलं आहे: भिंतीला चिकटून सरळसोट वर जाणारा, फांद्या खाली सोडलेला तो हिरवा खांब, ज्याला सगळे अशोक म्हणतात. तो अशोक नाही. खरा अशोक म्हणजे सीतेचा अशोक, केशरी-लाल फुलांचा, सावलीत आणि ओलाव्यात रमणारा. हा खोटा अशोक बिल्डरला आवडतो, कारण तो जागा मागत नाही. सावलीही देत नाही. म्हणजे झाड आहे, हे सांगण्यापुरतं झाड. (वटवाघळांना त्याची फळं आवडतात, एवढी एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगायला हवी. मीटिंगमध्ये मात्र हे सांगणं त्याच्या विरोधात गेलं असतं.)

तक्रारींची ती यादी पुन्हा वाचताना लक्षात आलं, की आपण झाडाविषयी ज्या तक्रारी करतो, त्या बहुतेक झाड जिवंत असल्याच्या आहेत. पान गळतं, फूल सडतं, फळ फुटतं, पक्षी बसतो, अळी पान खाते. यातलं काहीच नको असेल तर लॉबीत ठेवतात तसली प्लास्टिकची कुंडी आणावी. पण हे म्हणून झाल्यावर लगेच स्वतःला थांबवावं लागतं. कारण 'झाडासोबत थोडा त्रास येणारच' हे वाक्य कोण म्हणतंय, ते महत्त्वाचं आहे.

मी तिसऱ्या मजल्यावर राहतो. गुलमोहर होता तेव्हा एप्रिल-मेमध्ये माझ्या खिडकीत लाल झुंबर असायचं. तळमजल्यावरच्या घरात त्याच झाडामुळे दुपारी बारा वाजता ट्यूबलाइट लावावी लागायची. झाड एकच, मला वरची बाजू मिळाली, त्यांना खालची. ती पानं गोळा करायला जी बाई येते, तिला यातलं काहीच मिळालं नाही, फक्त पानं मिळाली. गुलमोहराचं पान म्हणजे चिमूटभर पर्णिकांचा भुगा. पावसात तो सिमेंटला चिकटतो, खराट्याने निघत नाही, वाकून हाताने खरवडावा लागतो आणि गटाराच्या जाळीत बसला की पाणी तुंबतं. हे मला तिने सांगितल्यावर कळलं. ती अकरा वर्षं आमच्याकडे झाडते आणि झाड निवडायच्या चर्चेत तिला कोणी विचारलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा तिने क्षणाचाही विचार न करता उत्तर दिलं, "दादा, मोठ्या पानाचं लावा. बदामाचं पान कसं, हाताने उचललं की झालं."

सगळ्या चर्चेत इतकं उपयोगाचं वाक्य दुसरं कोणी बोललं नाही. सौंदर्य, जैवविविधता, सावली, वास्तू यांवर सगळ्यांची मतं होती. पानाचा आकार किती, हा निकष फक्त ज्याची पाठ वाकते त्यालाच सुचू शकतो. एखादा निर्णय न्याय्य आहे की नाही हे तपासताना, त्याचा फायदा आणि त्याचं ओझं एकाच माणसाकडे जातंय का, हे आधी पाहावं. झाडाच्या बाबतीत ते जवळपास कधीच जात नाही. सावली शेजाऱ्याच्या आवारात पडते, फूल वरच्याला दिसतं, मुळं खालच्याला भेटतात आणि कचरा जिचं तिथे घरच नाही तिच्या वाट्याला येतो. म्हणून झाड लावू नये असं मुळीच नाही. पण ठरवणाऱ्यांच्या खोलीत तिला खुर्ची असावी. निदान तिच्याकडे जाऊन विचारावं तरी.

आता भीतीबद्दल. जुलै २०१७ मध्ये चेंबूरला सकाळी रस्त्याने चालत जाणाऱ्या एका महिलेवर नारळाचं झाड कोसळलं आणि त्यात तिचा मृत्यू झाला. सीसीटीव्हीतलं ते दृश्य त्या वेळी सगळ्यांच्या फोनवर फिरलं. त्या झाडाविषयी रहिवाशांनी आधीच पालिकेकडे अर्ज केला होता, अशाही बातम्या आल्या. तेव्हापासून उपनगरातल्या कुठल्याही सोसायटीत 'नारळ' म्हटलं की कोणी तरी तो व्हिडिओ आठवतो. ही भीती खोटी नाही आणि तिला 'निसर्गाची तेवढी किंमत मोजावीच लागते' असं उत्तर देणं मला निर्दयपणाचं वाटतं. ती किंमत मोजणारा माणूस आपण निवडलेला नसतो.

पण मुंबईतली पुष्कळ झाडं पडतात ती आपण त्यांना पाडण्याच्या अवस्थेत आणून ठेवलेली असतात. खोडाला भिडेपर्यंत पेव्हर ब्लॉक लावायचे, केबलसाठी एका बाजूची मुळं कापायची, पावसाळ्याआधी रस्त्याकडच्या तेवढ्या फांद्या छाटून सगळा भार एका अंगावर टाकायचा आणि मग सांताक्रूझच्या वेधशाळेत मोजला जाणारा दोन हजार मिलीमीटरच्या वरचा पाऊस त्याच्यावर पडू द्यायचा. गुलमोहराची मुळं तशीही उथळ, लाकूड ठिसूळ. मादागास्करच्या त्या झाडाला आपण मुलुंडच्या काँक्रीटमध्ये उभं केलं आणि ते पडलं की त्यालाच नावं ठेवली. म्हणजे कुठलं झाड, हे ठरवताना किती माती, हेही ठरवावं लागतं. मीटर-दीड मीटरचा उघडा चौकोन सोडायची तयारी नसेल तर निवडीच्या गप्पा व्यर्थ आहेत. आमच्याकडे त्या चौकोनावरून खरी लढाई झाली, कारण तेवढ्या जागेत एक स्कूटर मावते.

मादागास्करचा विषय निघालाच आहे, तर देशी-विदेशीचंही बोलू. ग्रुपवर एका तरुण मुलाने बजावून सांगितलं, 'फक्त नेटिव्ह. बाहेरचं काहीही नको.' त्याचा मुद्दा वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बराचसा बरोबर आहे. तरीही मुंबईत 'बाहेरचे नकोत' हे शब्द ऐकले की कान टवकारतात. या शहराने ते माणसांविषयी इतक्यांदा ऐकले आहेत, की झाडांसाठी वापरतानाही ते निर्मळ राहत नाहीत.

आणि आपलं म्हणावं ते तरी काय? देवळासमोरचा चाफा मध्य अमेरिकेतून आला. चिंच मूळची आफ्रिकेची. वसईच्या किल्ल्यातली गोरखचिंच तिकडचीच. सीताफळाला आपण सीतेचं नाव दिलं, ते अमेरिका खंडातलं. साताऱ्यात १ मे रोजी गुलमोहर दिन साजरा होतो. त्याच सुमाराला ताम्हण जांभळ्या फुलांनी भरलेला असतो, जे महाराष्ट्राचं राज्यपुष्प आहे, आणि बहुतेकांना त्याचं नावही सांगता येत नाही. पुण्याच्या प्रा. श्री. द. महाजनांनी 'देशी वृक्ष' लिहिलं आणि 'विदेशी वृक्ष'ही लिहिलं. मला ही वृत्ती आवडते: दोघांकडेही नीट बघायचं.

मात्र म्हणून सगळी झाडं सारखीच, असं म्हणणं आळशीपणाचं आहे. माणसाची आणि झाडाची तुलना एका जागी तुटते. माणसाचा हक्क तो कुठून आला यावर अवलंबून नसतो. माणूस असणं पुरतं. झाडाला असा हक्क आपण देत नाही. त्याच्याविषयी विचारायचं ते हे, की त्याच्या अंगाखांद्यावर कोण जगतं. इथल्या किड्यांनी, पाखरांनी, बुरशांनी इथल्या झाडांशी हजारो वर्षांत जी नाती जोडली आहेत, ती परक्या झाडाशी शंभर-दीडशे वर्षांत जुळतीलच असं नाही. पर्जन्यवृक्ष दक्षिण-मध्य अमेरिकेतून येऊन मुंबईच्या रस्त्यांवर छत्री धरून उभे राहिले, आणि गेल्या पंधराएक वर्षांत पिठ्या ढेकणाच्या लागणीने त्यांच्यातले कितीतरी उभ्या उभ्या वाळले. एकच एक झाड ओळीने लावण्याचा तो परिणाम होता. सुबाभूळ बाएफसारख्या संस्थेने गरीब शेतकऱ्याच्या गुरांना चारा मिळावा म्हणून इथे रुजवली. हेतू उत्तम होता आणि चारा मिळालाही. पण मोकळी टेकडी दिसली की ती इतरांना जागाच ठेवत नाही. हेतूवरून झाडाची परीक्षा होत नाही. माणसाच्या बाबतीत आपण निदान हेतूचा विचार करतो.

आमच्या मागच्या कोपऱ्यात कढीपत्त्याचं एक झुडूप आहे, कोणी लावलं माहीत नाही. आठही घरं त्याची पानं तोडतात. त्यावर मॉर्मन फुलपाखरं अंडी घालतात. अळ्या आधी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मग हिरव्यागार होतात आणि फोडणीच्या मालात वाटेकरी होतात. तळमजल्यावरच्या काकू त्या अळ्यांना शिव्या देतात, पण काठीने पाडत नाहीत. मला वाटतं, देशी झाडाच्या बाजूने एवढा युक्तिवाद पुरे.

खरा पेच यानंतर आला आणि तो अजून सुटला आहे असं मला वाटत नाही.

मीटिंगमध्ये एक गृहस्थ उठून म्हणाले, "मोठं होणारं झाड लावूच नका. चार-पाच वर्षांत रिडेव्हलपमेंट होणार. तेव्हा हे झाड आडवं येईल, परवानग्यांत वर्ष जाईल." सगळे गप्प झाले, कारण हे सगळ्यांच्या मनात होतं.

शाळेच्या पुस्तकात आपण आंब्याची कोय लावणाऱ्या म्हाताऱ्याची गोष्ट वाचलेली असते. ज्यूंच्या तालमुदमध्ये अशीच गोष्ट आहे: सत्तर वर्षांनी फळणारं झाड लावणाऱ्याला होनी विचारतो, तू तोवर जगशील का? तो म्हणतो, माझ्या आधीच्यांनी माझ्यासाठी लावलं, मी पुढच्यांसाठी लावतो. गोष्ट सुंदर आहे. पण तिच्यात एक गृहीत आहे: माणूस जाईल, जमीन तशीच राहील. मुलुंड, बोरिवली, घाटकोपर, अंधेरीत नेमकं उलटं आहे. माणूस राहतो, जमीन बदलते. चाळीस वर्षांची इमारत इथे म्हातारी असते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यात ५० वर्षांहून जुन्या झाडाला 'हेरिटेज ट्री' म्हणून वेगळं संरक्षण आहे, आणि झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी नवी रोपं लावायची तरतूद आहे. हिशेब करा: जिथे इमारत चाळिशीत पाडली जाते, तिथे तिच्यासोबत लावलेलं झाड पन्नाशी गाठणार कसं? आणि बारा वर्षांच्या झाडाबदल्यात दुसरीकडे कुठेतरी बारा काड्या रोवल्या, तर ज्या पक्ष्याचं घरटं इथे होतं त्याला तो पत्ता कोण कळवणार?

आपल्याला मोठ्या लढाया आठवतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये आरेत कारशेडसाठी दोन हजारांहून जास्त झाडं रातोरात तोडली गेली, सुप्रीम कोर्टाने तोड थांबवायला सांगितली तोवर जायची ती गेली होती. किंवा घाटकोपरचं छेडानगर: १३ मे २०२४ ला तिथलं अवाढव्य होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळून १७ माणसं मेली, आणि त्याआधी तिथल्या झाडांना विष घातल्याची तक्रार पालिकेने पोलिसांत केली होती, हेही समोर आलं. झाडं होर्डिंगच्या आड येत होती. अशा ठिकाणी बाजू घेणं सोपं असतं. एकीकडे लोभ, दुसरीकडे झाड.

आमच्याकडे लोभ नव्हता. दुसऱ्या मजल्यावर एक आजी आहेत, दोन्ही गुडघे गेलेले. गेल्या दिवाळीपासून त्या खाली उतरलेल्या नाहीत. त्यांना लिफ्ट हवी आहे, आणि जिन्याला लिफ्ट बसवायला जागा नाही. ती फक्त नव्या इमारतीतच मिळेल. त्यांच्यासाठी एक वर्ष म्हणजे काय, हे आपण झाडाच्या वर्षांत मोजून चालणार नाही. मी मनातल्या मनात रचलेलं एक भाषण त्या क्षणी गिळून टाकलं. ते असं होतं, की झाड लावून ठेवणं म्हणजे जे अजून जन्मलेले नाहीत त्यांच्या वतीने नोंदवलेली हरकत आहे. उद्या बिल्डरच्या नकाशात त्या झाडाभोवती एक गोल काढावा लागेल, वृक्ष प्राधिकरणाला विचारावं लागेल, कोणाला तरी थांबावं लागेल. हे सगळं मला अजूनही खरं वाटतं. फक्त ती हरकत कोणाच्या गुडघ्यांवर नोंदवली जातेय, हे न बघता ते बोलता येत नाही.

मग काय? पाच वर्षांसाठी पपई लावायची? एका वहिनींनी खरंच तसं सुचवलं आणि ते मूर्खपणाचं नाही. थोडं जगणारं झाड वाया जात नाही. सूर्यपक्ष्याचं घरटं एका मोसमाचं असतं, त्याला रिडेव्हलपमेंटशी देणंघेणं नसतं. एखादं मूल सहा ते अकरा या वयात एका झाडाखाली खेळलं, तर ते झाड त्याच्यापुरतं पूर्ण झालं. भविष्याच्या नावाखाली आपण वर्तमानात राहणाऱ्यांना मोजायचं विसरतो.

तरीही मी बकुळीच्या बाजूने मत दिलं. बकुळ हळू वाढते, हे तिचं व्यापारी दृष्टीने वैगुण्य आहे. लाकूड घट्ट, वाऱ्याला टिकणारं. सदाहरित, त्यामुळे पानं एकदम ढिगाने पडत नाहीत, आणि पान गुलमोहरासारखं भुगा नाही. झाडणाऱ्या बाईंना दाखवलं, त्यांनी "चालेल" म्हटलं. फुलं बारीक, पण वाळली तरी वास सोडत नाहीत. नारिंगी फळं बुलबुल खातात. तळमजल्याचा उजेड तिने बरीच वर्षं अडवायचा नाही, इतकी ती सावकाश आहे. आणि जागा आम्ही मध्यावर न घेता थेट मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात घेतली, जिथे नव्या इमारतीलाही मोकळी जागा सोडावीच लागेल. आर्किटेक्ट मंडळी यावर हसतील. त्यांना तळघरातलं पार्किंग खणायचं असतं आणि अग्निशमनाच्या गाडीला सहा मीटरची वाट लागते. पण कोपऱ्यातल्या झाडासाठी नकाशा थोडा सरकवता येतो. मध्यावरच्या झाडासाठी आजींना थांबवावं लागतं.

अकरा विरुद्ध सात मतांनी बकुळ आली. सातांतले चार जण पपईचे होते, म्हणून कढीपत्त्याशेजारी एक पपईही लावली. ती पुढच्या पावसाळ्यापर्यंत फळेल आणि बकुळ तेव्हा माझ्या कमरेइतकी असेल.

पहिले तीन उन्हाळे पाणी घालावं लागतं. नोटीस बोर्डावर महिनावार तक्ता लावला आहे. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल भरले. मे महिन्याच्या रकान्यात अजून कोणाचंच नाव नाही, कारण मेमध्ये सगळे गावाला जातात.